अळीचा वाटा

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या कामासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. पैंजण, तोडे, जोडवी तेथे घरोघरी घडतात, आणि घुंगरे जोडणाऱ्या बायकांचे हात दुपारच्या गप्पांतही थांबत नाहीत. एकदा तेथील एका आटणीवर आम्ही बसलो असता टंच काढून आलेली चिठ्ठी वाचून मालकांची मुद्रा उतरली. आम्ही सहज विचारले, "चांदी बिघडली की काय?" ते हसून म्हणाले, "चांदी कशी बिघडंल, सर? मोडीत तांबं जास्त आलं."

ज्या गोष्टीसाठी जीवशास्त्राच्या ग्रंथांत प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात, ती या उत्तरात आली आहे असे आम्हांस वाटते. मुशीतील चांदीचा एकही कण तांबे होत नाही. बदलते ते प्रमाण. एखाद्या प्राणिजातीच्या समूहात थोड्या पिढ्यांत घडून येणारी लहानशी उत्क्रांती याच स्वरूपाची असते. प्राणी ज्या गुणांनिशी जन्मतो त्याच गुणांनिशी मरतो. समूहाचा टंच मात्र पिढीगणिक चढतो किंवा उतरतो. कधी नवा गुण अकस्मात उपजतो, कधी तो बाहेरून येणाऱ्यांबरोबर येतो, आणि समूह लहान असला तर निव्वळ योगायोगानेही प्रमाण पालटते. परंतु सर्वांत जोरकस कारण म्हणजे निवड. आणि तेथे आमची उपमा थोडी लंगडी पडते. निवडीत तांबे कोणी घालीत नाही. चांदी तेवढी वेचून बाहेर काढली जाते आणि तांबे आपोआप उरते.

इंग्रजी पुस्तकांतून मँचेस्टरच्या काळ्या पतंगांचे उदाहरण आपण सर्वांनी वाचलेले असते. त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील कापसाच्या शेतात एका पतंगाचा टंच आपल्या डोळ्यांदेखत उतरला, आणि त्यात जो नीतीचा प्रश्न गुंतला आहे तो मँचेस्टरच्या पतंगांत नाही.

बीटी कापसास आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक या झाडात घातलेले असते. त्यामुळे बोंडअळीच्या आतड्यास घातक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. अळीने बोंड कुरतडावे आणि मरावे, अशी ही योजना. 2006 साली अशी दोन प्रथिने असलेले वाण आले, आणि पुढे देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटीचा झाला. परंतु लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जिच्या आतड्यावर त्या प्रथिनाची पकडच बसत नाही. पूर्वी या वैगुण्याचा तिला काही लाभ नव्हता. आता सर्व भावंडे मेल्यावर शेत तिचे एकटीचे झाले. 2010 च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनास दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले, पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली, आणि 2017 साली महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडकी निघाली.

"अळीने बीटीची सवय करून घेतली," असे त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. ही भाषा आम्हांस केवळ अशास्त्रीय नव्हे, तर सोयीस्कर वाटते. सवय कोणत्याही अळीने केली नाही. ज्यांना विष बाधले त्या मेल्या, ज्यांना बाधले नाही त्यांची प्रजा वाढली. अळीस कावेबाज ठरविले की ही निवड कोणी केली हा प्रश्न विचारावा लागत नाही.

आणि हे होणार हे कोणास ठाऊक नव्हते असेही नाही. सुदैवाने हे वैगुण्य आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाले तरच अळीस तारते. एकाकडूनच मिळाले तर ती बीटीवर सहसा वाचत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सुचविले की शेताच्या कडेस साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तितके आश्रयपीक लावावे. तेथे साध्या अळ्या सुखाने पोसल्या जातील, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांशी जुगतील, आणि त्यांची संतती बीटीवर मरेल. हुपरीच्या भाषेत बोलायचे तर मुशीत शुद्ध चांदी पडत राहील. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी त्यासाठीच मिळे. बहुतेक ठिकाणी ती पेरलीच गेली नाही. पुढे दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग निघाला तो यामुळेच.

येथे आम्हांस सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाने महादेवाचा गाभारा भरण्यासाठी गावातील सारे दूध आणविले, पण गाभारा भरला नाही. मुलाबाळांना पाजून, वासरांचा वाटा ठेवून उरलेले खुलभर दूध घेऊन म्हातारी आली, आणि तो भरला. आश्रयपीक हा असाच एक वाटा आहे. पण म्हातारीने वाटा ठेवला तो वासरासाठी, आणि येथे तो ठेवायचा शत्रूसाठी! शिवाय म्हातारीचे पुण्य तिच्या पदरी पडले; येथे साध्या ओळींतील नुकसान ज्याचे त्याचे, आणि लाभ मात्र साऱ्या शिवाराचा. पतंगास बांध कळत नाही. ज्याने पुडी पेरली त्याच्या शेजारी न पेरणाराही तितक्याच काळ सुरक्षित राहिला, आणि दोघांचे पीक पुढे एकदमच गेले.

म्हणून शेतकऱ्याने नियम मोडला, तो दोषी, असा निकाल देऊन मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. कर्तव्य खरे होते. पण अळीचे विषाने मरणे ही साऱ्या समाजाची ठेव, आणि तिच्या रक्षणाचा खर्च तीन एकरांच्या धन्यावर टाकावा, ही वाटणीच विषम होती. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात आश्रयपीक कसोशीने पाळले गेले, पुढे 2006 पासून वंध्य पतंग सोडण्याची मोहीम निघाली, आणि 2018 साली तो देश गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तेथील लोक आमच्याहून अधिक सद्गुणी आहेत असे मानण्यास आधार नाही. तेथे शेते मोठी होती आणि व्यवस्था एकत्र होती.

जाता जाता आणखी एक गोष्ट. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असे पुष्कळ काही खाते. तिला आश्रय निसर्गतःच मिळाला, आणि ती त्या मानाने बराच काळ आटोक्यात राहिली. गुलाबी अळीचे अन्न जवळजवळ कापूसच. जिच्यासाठी वाटा मुद्दाम ठेवावयास हवा होता तिच्यासाठीच तो राहिला नाही.

आता प्रश्न फरदडीचा आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटाव्यात, म्हणजे अन्नावाचून अळीची साखळी तुटेल, असे कृषिखाते दरवर्षी सांगते. पण विहिरीस पाणी आहे, भाव बरा आहे, झाडावर अजून बोंडे दिसत आहेत आणि मुलाची फी भरावयाची आहे, अशा वेळी शिवारातील इतर सर्वांच्या पुढील वर्षासाठी आपले उभे पीक उपटण्यास शेतकऱ्यास सांगावयाचे आहे. त्या एका वेचणीची किंमत त्यास कोण देणार, हे अजून कोणी सांगितलेले नाही.