पाखाडीची लाल माती

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता नानांच्या मोबाइलवर मुलाचा निरोप आला. मुलगा बेंगळुरूला नोकरीला. त्यानेच आईसाठी, म्हणजे माईंसाठी, गुडघ्याचा पट्टा ऑनलाइन मागवला होता. 'नाना, कुठे गेला होतात? पार्सलवाला येऊन परत गेला.' खाली कंपनीने पाठवलेला मजकूर जोडलेला होता, 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.'

नाना त्या वेळी दारापासून दोन पावलांवर खुर्चीत बसले होते. लाकडी दार उघडं, बाहेरचं जाळीचं दार तेवढं लोटलेलं. जिन्यात कोणी खाकरलं तरी घरात ऐकू येतं. डोंबिवलीतली ही जुनी चार मजली इमारत. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर यायला ७२ पायऱ्या. माई गेल्या सहा महिन्यांत चार वेळाच खाली उतरल्या होत्या, त्याही डॉक्टरकडे जायला. गुडघ्यांमुळे जिला उंबरा ओलांडणंही जड जातं, तिच्याच घरी कोणी नाही, असं कोणीतरी लिहून मोकळं झालं होतं.

बुधवारी नानांनी सकाळीच स्वतः बेल वाजवून पाहिली. बेल चालू होती. दहापासून ते खुर्चीतून हलले नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या तेवढा वेळ ते जिन्यात जाऊन उभे राहिले. न जाणो, त्या आवाजात बेल ऐकू आली नाही तर! दोन वाजता मुलाचा पुन्हा निरोप आला. तोच मजकूर, तेच शब्द.

नानांनी कंपनीला फोन लावला. हा आकडा दाबा, तो आकडा दाबा असं करत बऱ्याच वेळाने एका मुलीचा आवाज आला. ती नम्रपणे म्हणाली, "सर, आमच्या माणसाने प्रयत्न केल्याचं सिस्टीममध्ये दिसतंय."

"अहो बाई, मी घरात बसूनच बोलतोय तुमच्याशी. कालही इथेच होतो."

"हो सर, पण सिस्टीममध्ये तसं दिसतंय. उद्या शेवटचा प्रयत्न होईल. नाहीतर पार्सल परत जाईल."

फोन ठेवल्यावर नाना बराच वेळ गप्प बसले. टपाल उशिरा आलं म्हणून चिडणारे ते नव्हेत. त्यांनी स्वतः ३७ वर्षं पोस्टमनची नोकरी केली होती. थैली चुकते, गाडी चुकते, पावसात रस्ता खचतो, हे त्यांनी भोगलेलं होतं. त्यांना लागला होता तो शेरा. उशीर माणूस सोसतो. पण आपण असताना आपण नव्हतोच, असं कोणी कागदावर लिहिलं की ते सोसवत नाही. पोटचा मुलगासुद्धा विचारतो, 'कुठे गेला होतात?'

संध्याकाळी शेजारी जमले. प्रत्येकाकडे अशी एक हकीकत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने तर एका पार्सलसाठी रजा टाकली होती आणि तिलाही हाच निरोप आला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "नाना, सोडू नका. चांगली खरमरीत तक्रार करा."

नानांनी कागद घेतला. तारखा लिहिल्या, वेळा लिहिल्या. मग लिहिलं, 'आपला हा माणूस कामचुकार आणि खोटारडा आहे.' आणि इथे त्यांचं पेन थांबलं. त्यांना एकदम आपले पाय आठवले. ४२ वर्षांपूर्वीचे.

१९८३ सालचा आषाढ. नाना तेव्हा पंचविशीत होते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोस्टात. कोकणातली चूल त्या काळी मुंबईच्या मनिऑर्डरवर पेटत असे. पण जानेवारी १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली आणि गावोगावच्या मनिऑर्डरी आटल्या. पोस्टमन दिसला की बायाबापड्या अंगणात येऊन उभ्या राहत आणि तो पुढे गेला की मुकाट्याने आत जात.

अशात एका म्हातारीची मनिऑर्डर आली. ४० रुपयांची. तिचं घर टेकडीच्या अंगावर, खालून वर जायला जांभ्या दगडांची पाखाडी. पाऊस कोसळत होता, पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं, खांद्यावरची थैली जड झाली होती. नाना पाखाडीच्या तोंडाशी आले, वर पाहिलं, छत्रीखालीच फॉर्म काढला आणि शेरा लिहिला, 'दार बंद.' तारीख घातली, सही केली आणि वळले. एक दिवस उशीर झाला तर काय मोठंसं बिघडणार होतं! न दिलेली मनिऑर्डर सात दिवस पोस्टात ठेवायचा नियम होताच.

पोस्टमास्तरांनी तो शेरा वाचला आणि नानांच्या पायांकडे पाहिलं. रस्त्याच्या पाण्याने पाय स्वच्छ धुऊन निघाले होते.

"पाखाडीची लाल माती कुठाय पायाला?"

नाना काही बोलले नाहीत.

"हे बघ," मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "कामाला उशीर झाला तर 'उशीर झाला' म्हण, मी ऐकून घेईन. पण पाखाडी चढल्याशिवाय दाराबद्दल शेरा लिहायचा नाही. तुझ्या सहीवर सरकार विश्वास ठेवतं. त्या म्हातारीच्या शब्दावर कोण ठेवणार?"

नाना तसेच परत गेले. पाखाडी चढून वर आले तर म्हातारी ओटीवर बसलेली. दार सताड उघडं. पैसे मोजून हातात दिले, अंगठा घेतला, मुलाचे दोन शब्द असलेलं कूपन फाडून दिलं. तिने ते कपाळाला लावलं. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "मघाशी खालूनच वळलास ना रे बाबा? बघितलं मी. म्हटलं, आजपण आमचं काही नसेल."

ती रागावली असती तर नानांना सोपं गेलं असतं. पण तिने त्यांचं पाठ फिरवणं खरं धरलं होतं. पोस्टमन वळला म्हणजे मुलाने काही पाठवलं नाही, असं तिने मानलं होतं. तासभर का होईना, एका आईच्या मनात मुलाबद्दल नसती शंका पेरून नाना निघून गेले होते. पुढच्या ३४-३५ वर्षांत त्यांनी वर गेल्याशिवाय एकही शेरा लिहिला नाही.

आता डोंबिवलीतल्या खुर्चीत बसून नानांनी समोरचं वाक्य पुन्हा वाचलं. 'कामचुकार आणि खोटारडा.' ज्याच्याबद्दल हे लिहिलं होतं त्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. तो कसा येतो, किती ओझं घेऊन येतो, कुठून परत फिरतो, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नानांच्या मनात आलं, हासुद्धा न चढता लिहिलेला शेराच की. त्यांनी ते वाक्य खोडलं.

गुरुवारी साडेअकराला ते ७२ पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन बसले. तासाभराने एक पोरगा आला. वीस-बावीस वर्षांचा. मोटारसायकलच्या मागे त्याच्या खांद्याच्याही वर जाणारी पिशवी, पुढे टाकीवर आणखी एक पोतं. फाटकावर सोसायटीची पाटी होती, 'डिलिव्हरीवाल्यांनी गाडी आत आणू नये.' त्याने गाडी रस्त्यावर लावली, इमारतीकडे मान वर करून पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. अंगठा पडद्यावर टेकणार तोच नाना म्हणाले, "पोरा, थांब. चौथ्या मजल्यावरचं पार्सल ना? मीच तो माणूस."

पोरगा दचकला. आता शिव्या खायच्या, या तयारीने तो उभा राहिला. नानांनी त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"वर का येत नाहीस? खरं काय ते सांग, मी ओरडणार नाही."

पोरगा हळूहळू बोलू लागला. "पहिल्या दिवशी फोन केला होता आजोबा. कोणी उचलला नाही." नानांनी पार्सल पाहिलं. त्यावर नंबर मुलाचा होता, आणि मुलगा कामात असताना अनोळखी फोन घेत नाही. पत्त्यात इमारतीचं नाव होतं, मजला नव्हता. "गाडी आत घेऊ देत नाहीत. वर गेलो आणि मागे पिशवीतलं काही गेलं तर माझ्या पैशातून कापतात. पैसे पार्सलमागे मिळतात, जिन्याचे नाहीत. पोचवलं नाही तर मोबाइलमध्ये कारण निवडावं लागतं, त्याशिवाय पुढचं पार्सल उघडत नाही. त्या यादीत 'ग्राहक घरी नाही' आहे, 'पत्ता सापडला नाही' आहे. 'मी वर गेलोच नाही' असं कारण नाही."

"आणि काल? काल फोन केलास?"

पोराने मान खाली घातली. "नाही."

नाना म्हणाले, "तुझी अडचण खरी आहे. ती मी मान्य करतो. पण तुझा शेरा खोटा आहे, तो तुला मान्य करावा लागेल. वर बसलेल्या बाईचे गुडघे गेलेत. डॉक्टरकडे जाण्याखेरीज ती सहा महिने त्या घरातून हललेली नाही. तिच्याबद्दल तू लिहिलंस की ती घरी नव्हती. गाडीजवळ मी उभा राहतो. तू एकदा वर जाऊन ये."

पोरगा पार्सल घेऊन वर गेला. उतरला तेव्हा घामाने भिजला होता, आणि थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी जाळीच्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'तीन दिवस वाट बघतेय रे, दमला असशील, बस.' आजोबा, मी दोन दिवस लिहिलं ते..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. नानांनी त्याला पाखाडीची आणि लाल मातीची गोष्ट सांगितली, तीही थोडक्यात, कारण त्याला अजून पुष्कळ दारं गाठायची होती.

त्या रात्री नानांनी तक्रार पुन्हा लिहिली. ती मऊ केली नाही, खरी केली. दोन दिवस, दोन वेळा, दोन खोटे शेरे. आणि पुढे मागण्या. कारणांच्या यादीत खरं कारण लिहायची सोय करा. जिना चढणाऱ्याला त्याचा मोबदला द्या. 'ग्राहक घरी नाही' असं नोंदवण्याआधी ग्राहकाला फोन गेलाच पाहिजे. ग्राहकाने 'मी घरीच होतो' म्हटलं तर त्याचाही शब्द नोंदवा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, याची आठवण करून दिली, आणि न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर जाईन, हेही लिहिलं. सोसायटीच्या सभेत त्यांनी फाटकावरची पाटी उतरवायला लावली. गाडीपुरती जागा आत मोकळी झाली, जिन्याशी मजलेवार नावांचा फलक लागला. मुलाला सांगितलं, "इथे येणाऱ्या वस्तूवर नंबर इथला घाल, आणि मजला लिही."

पत्त्याचा विषय निघाला की नाना शेजारच्या मुलांना अधूनमधून पिनकोडची गोष्ट सांगतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित अधिकाऱ्याची ती कल्पना. सहा आकड्यांनी देशातलं पत्र नेमक्या पोस्टापर्यंत आणलं. २०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांत जमिनीचा सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन सापडतो. "पण," नाना म्हणतात, "आपल्या इमारतीत त्या एका चौकोनावर एकावर एक पाच घरं उभी आहेत. चौकोन यंत्र शोधेल. मजला माणसालाच चढावा लागतो."

तात्पर्य, जिना चढल्याशिवाय शेरा लिहू नये. पार्सल पोचवणाऱ्याने दाराबद्दल लिहू नये, कंपनीने ग्राहकाबद्दल लिहू नये, आणि आपणही, दारात ओझं घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल लिहू नये. पार्सल आज आलं नाही तर उद्या येतं. खोटा शेरा मात्र आत वाट पाहणाऱ्या माणसाचं असणंच पुसून टाकतो. म्हणून वाचकहो, तक्रार जरूर करा, ठाम करा. पण त्याआधी एकदा खाली उतरून बघा. आणि जो खाली उभा आहे, त्याने एकदा वर चढून बघावं.