खुर्चीचा मान

अमेरिकेत महाभियोगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : माणूस आवडो न आवडो, राष्ट्राध्यक्षपदाचा मान राखा. मला ते निम्मंच पटतं. मान खुर्चीचा असेल, तर तिची वाट लावणाऱ्याला उठवणं हाही मानच झाला की!

पण मग अँड्र्यू जॉन्सन आठवतो. (एकेरीवर आलोय, चालवून घ्या.) लिंकन यांच्या खुनानंतर हा अध्यक्ष झाला. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारा १८६६चा कायदा त्याने नकाराधिकार वापरून अडवला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला. या माणसाबद्दल मला काडीचा आदर नाही. १८६८मध्ये महाभियोग आला तो मात्र मुख्यतः भलत्याच कारणावर : सिनेटच्या संमतीशिवाय युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं म्हणून. ज्या कायद्याने ही संमती लागायची, तो आदल्याच वर्षी जॉन्सनचे हात बांधायला केलेला. पुढे १९२६मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो घटनाबाह्य होता असंच म्हटलं.

सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवायला एक मत कमी पडलं, कारण सात रिपब्लिकन पक्षाविरुद्ध गेले.

मी त्या सातांत असतो, असं म्हणायला आवडेल. पण ज्यांच्या हक्कांच्या तो आड येत होता, त्यांच्यातलं कुणीच त्या सभागृहात नव्हतं. पहिला कृष्णवर्णीय सिनेटर आला १८७०मध्ये. माझ्या तत्त्वाची किंमत त्यांनी मोजली असती. तरी मत बहुधा तेच दिलं असतं. बहुधा.