काय होतंय?

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. काय होतंय? स्टुलावर बसलेली आजी तोंड उघडायच्या आत शेजारी उभा असलेला मुलगा सांगू लागतो. ताप आहे, जेवत नाही, रात्रभर कण्हत होती. त्याच्या घाईत काळजीच असते. आजी नुसती मान डोलावते. एखादे डॉक्टर मात्र हातानं त्याला थांबवतात आणि म्हणतात, त्यांना बोलू द्या.

या थांबवण्यामागे वैद्यकशास्त्र आहे. आजारांचा अभ्यास सुरू होतो तेव्हा विद्यार्थ्यांना दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवतात. रुग्णाला आतून जाणवतं ते लक्षण. दुसऱ्याला बाहेरून पाहता, ऐकता, मोजता येतं ते चिन्ह. खाज हे लक्षण, पुरळ हे चिन्ह. अंगात कणकण वाटते हे लक्षण, थर्मामीटरवर 102 दिसतो हे चिन्ह. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना लक्षणंच म्हणतो आणि त्यानं काही बिघडत नाही. पण फरक खरा आहे. चिन्हाला साक्षीदार कितीही मिळतात, लक्षणाला एकच.

मुलानं जे सांगितलं ते सगळं पाहिलेलं, ऐकलेलं होतं. ताट तसंच परत आलं, हे त्याला दिसलं. पण आईला भूकच नाही, की भूक आहे आणि घास गिळताना दुखतं? पोटात कळ येते की जळजळ होते? हे त्याला कळायला वाटच नाही. कितीही माया असली तरी नाही. तान्ह्या बाळाचं आपण रडण्यावरून, दूध टाकण्यावरून ओळखतो, कारण तिथं इलाज नसतो. आजी तर बोलू शकते.

चिन्हं शोधायची विद्या मोठ्या कष्टानं वाढली आहे. 1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लायनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण होती. छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके पूर्वी कधी आले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. पुढे लाकडी नळी आली. लायनेक छातीतले आवाज टिपून ठेवत, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस पाहून त्या आवाजाचा अर्थ लावत. क्षयाच्या कितीतरी छात्यांवर त्यांनी ती नळी ठेवली. शेवटी स्वतः खोकल्यानं आणि तापानं खंगले, तेव्हा नात्यातल्याच एका डॉक्टरला त्यांनी आपली छाती तपासायला सांगितली. त्यानं वर्णन केलेले आवाज त्यांच्या ओळखीचे होते. 1826 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. वय अवघं 45.

मग थर्मामीटर रुळला, 1895 मध्ये क्ष-किरण सापडले, रक्तदाब मोजायचा पट्टा आला, आणि आता तर रक्ताच्या एका नळीतून पानभर आकडे येतात. याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. माणूस हसतखेळत असतो आणि आत रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर ताण साठत जातो. मधुमेहही वर्षानुवर्षं तसाच लपून राहू शकतो. लक्षण नाही म्हणून आजार नाही, असं धरून चाललं असतं तर किती माणसं अवेळी गेली असती.

याच्या उलट बाजूकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं. दुखतंय आणि रिपोर्ट चांगले आले. आनंदाचीच बातमी. पण ती ऐकून घरात कोणीतरी सहज म्हणून जातं, बघ, काही नाहीये तुला. त्या क्षणी दुखणाऱ्या माणसाची पंचाईत होते. दुखणं तर तिथंच आहे. आता ते सांगायचीही चोरी. बायका तर पुष्कळदा तिथंच बोलायचं थांबवतात आणि पदर खोचून कामाला लागतात. तपासणीत काही सापडलं नाही, एवढंच त्या कागदाला म्हणायचं असतं. तुला काही होत नाहीये, असं तो म्हणत नाही; ते आपण त्यात वाचतो.

अर्धशिशीचं पाहा. ती नक्की ओळखेल अशी रक्ताची चाचणी नाही. मेंदूचे फोटो काढतात ते बहुधा दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. एरवी डॉक्टर विचारत जातात. एकाच बाजूला दुखतं का? ठणकतं, की आवळल्यासारखं होतं? उजेड सहन होतो का? मळमळतं? जिना चढताना वाढतं? किती तास राहतं? दुखण्याचे दिवस वहीत लिहून आणायला सांगतात. पुढच्या वेळी ती वही उघडतात, ओळ न् ओळ वाचतात, मधेच थांबून पुन्हा काही विचारतात. औषध ठरतं ते त्या उत्तरांवरून.