सुईचा भार

"भावोजी, त्या खटाऱ्यात एवढे ओतताय, त्यात नवाकोरा येईल की!" मेहुण्याचा हा शेरा डोक्यातून जाईना. खटारा म्हणजे आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर, गॅरार्ड एसपी-२५. हिशेब चुकीचा असता तर सोडून दिलं असतं. तो बरोबर होता, म्हणून झोंबला.

जुन्याची ऊब, नव्याची सोय हे सगळ्यांना पाठ आहे. माझा आग्रह वेगळ्या फरकाचा. दुरुस्ती म्हणजे यंत्राला त्याच्या मूळ वकुबावर आणणं. सुधारणा म्हणजे वकुबाबाहेरचं त्याच्याकडून मागणं. गॅरार्डच्या पोटात मोटरच्या पुलीला एक रबरी चाक टेकलेलं असतं, तेच प्लॅटरची, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या ताटलीची, कड आतून फिरवतं. रबर कडक झालं की संथ आलापाखाली गुरगुर ऐकू येते. चाक बदललं, बेअरिंगमधलं गोठलेलं ग्रीस पुसून तेल घातलं, ही दुरुस्ती. पत्र्याला भोकं पाडून महागडा टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, चढवला, ही सुधारणा. आणि त्याच्या टोकाला बसवलेलं, सुई धरणारं उंची कार्ट्रिज गाण्याबरोबर मोटरची गुरगुरही इमानेइतबारे उचलतं.

मेहुणा म्हणतो, तंत्रज्ञान पुढे गेलं. मी त्याला टेक्निक्सचा एसएल-१२०० प्लेअर दाखवला: १९७२ ला आला, २०१० ला बंद पडला, २०१६ ला परतला तो जवळपास तोच चेहरा घेऊन. "चेहरा कुठे वाजतो? मोटर नवी आहे ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी विषय बदलला.

विषय निघाला ग्लासगोच्या लिन कंपनीच्या सोन्डेक प्लेअरचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो चालू आहे. बेअरिंग, सब-चासी, वीजपुरवठा, जो नवा भाग निघेल तो जुन्या प्लेअरला बसतो. हौशी माणूस जन्मभर हप्त्याहप्त्याने एकच प्लेअर विकत घेत राहतो, म्हणून मी हसायचो. पण तिथे सुधारणेला घरातच जागा ठेवलेली आहे, भोकं पाडावी लागत नाहीत. म्हणजे सुधारणेला माझी हरकत नाही. यंत्राने ती पेलावी, इतकंच.

एवढं घासूनपुसून झाल्यावर लक्षात आलं की या भांडणात तिसरा पक्षकार आहे, आणि त्याला कोणी विचारलेलंच नाही: रेकॉर्ड. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला चार-पाच ग्रॅम भार लागे. आजच्या मॅग्नेटिकचं दोन ग्रॅमच्या आसपास भागतं. झिजलेली सुई खाच कोरत जाते. प्लेअर दुरुस्त होतो, बदलता येतो. डमडमच्या कारखान्यात छापलेली, आता न मिळणारी एलपी एकदा खरवडली की खरवडली.

मग मेहुण्याचं अर्धं मान्य करणं आलं. एलपींसाठी नवा, हलक्या हाताचा प्लेअर घ्यावा. पण लाखेच्या ७८च्या तबकड्यांना भाराचं वावडं नाही. त्यांना लागते जाड टोकाची सुई आणि ७८ची गती, जी नव्यांपैकी कित्येकांत नसतेच. ते काम गॅरार्डचं, तेही रबरी चाक बदलून. टोनआर्म आहे तोच राहील. पहिला खर्च मात्र दोन्हीकडे सुईचा. आणि कुठली सुई किती तास चालली, याची वही त्याच दिवशी सुरू करावी.