मौनाची तीन मिनिटे

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर हातहात जाडीचे मातीचे माळवद, अशी तिकडची घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच छते निजलेल्यांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. बळींचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. 52 गावे इतकी उद्ध्वस्त झाली, की ती नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग तोवर सर्वांत निर्धोक पट्ट्यात मोजला जात होता.

लातूर शहर किल्लारीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. एसटीचा दीड तासाचा रस्ता. पण त्या पहाटे ढिगाऱ्याखालच्या माणसाला शेजारचे गावसुद्धा कोसो दूर होते. मोबाइल फोन तेव्हा भारतात आलेला नव्हता. तो आला 1995 च्या जुलैअखेरीस. खेड्यात फोन असलाच तर एखादा, आणि त्याची तार खांबांवरून जाणारी. त्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणाहून बाहेर जाणारे निरोप मुख्यतः पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवर अवलंबून होते. पुढच्या दिवसांत देशातील हौशी रेडिओचालक, ज्यांना हॅम म्हणतात ते, आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन भूकंपग्रस्त भागात पोहोचले आणि निरोपांची देवाणघेवाण करू लागले.

या हौशी मंडळींविषयी एक गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. परीक्षा देऊन, पोलीस चौकशी होऊन, सरकारी परवाना मिळवूनच त्यांना आकाशात बोलता येते. मात्र त्या बोलण्याचा पैसा घेता येत नाही, धंद्याचे निरोप पाठवता येत नाहीत, गुप्त भाषा वापरता येत नाही. इतकी बंधने असलेला माणूस आपत्तीच्या वेळी सर्वांत मोकळेपणाने उपयोगी पडतो, हे कोडे आहे खरे. त्यातूनच या लेखाचा प्रश्न उभा राहतो. आकाशातील लहरी कोणाच्या? आणि त्यांवर कोणी बोलावे, कोणी गप्प राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या न्यायाने?

रेडिओची कंप्रता, म्हणजे बोलीभाषेतील फ्रिक्वेन्सी, ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती वापरल्याने संपत नाही. विहिरीचे पाणी उपसले तर विहीर आटते. लहरींचे तसे नाही. परंतु एकाच परिसरात, एकाच कंप्रतेवर दोघे एकदम बोलू लागले, तर दोघांचेही शब्द वाया जातात. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी मोडली आणि वरच्याने व खालच्याने एकदम दारे फोडली, की कोणाचेच शेत धड भिजत नाही. पाळी हवी. पाळी म्हटली की पाळी लावणारा हवा. आणि पाळी लावणारा आला, की तो स्वतःच्या शेताकडे पाणी वळवणार नाही ना, ही चिंताही आलीच.

नियम नसले तर काय होते, याचा धडा जगाला 14 एप्रिल 1912 च्या रात्री मिळाला. टायटॅनिक जहाजावरील बिनतारी यंत्रचालक श्रीमंत प्रवाशांचे खाजगी निरोप किनाऱ्याकडे पाठवण्यात गुंतला होता. जवळच्याच कॅलिफोर्नियन जहाजावरून बर्फाची सूचना येऊ लागली, तेव्हा त्याने त्या चालकाला गप्प केले. गप्प केलेला तो चालक थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपी गेला. मग टायटॅनिकने मदतीसाठी टाहो फोडला तेव्हा जवळच्या जहाजावर तो ऐकायला कोणी जागे नव्हते. त्या तरुण चालकांना दोष देणे आम्हांला बरोबर वाटत नाही. त्यांच्यातला एकही दुष्ट नव्हता. ज्या निरोपाचे पैसे मिळत होते तो आधी जात होता, इतकेच. त्या व्यवस्थेत दुसरे काही होण्यासारखे नव्हते.

त्यानंतर 1914 मध्ये लंडनला राष्ट्रांचा करार झाला आणि जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी अखंड पहारा ठेवण्याचे बंधन आले. पुढे एक सुंदर प्रथा रूढ झाली. संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवलेल्या 500 किलोहर्ट्झ कंप्रतेवर प्रत्येक तासात दोन वेळा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटे, साऱ्यांनी मौन पाळायचे. जहाजाच्या रेडिओ खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर ते भाग लाल रंगाने रंगवलेले असत. त्या तीन मिनिटांत मालवाहू जहाज असो की युद्धनौका, कोणी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. दूर कोठे बुडत्या नावेचा क्षीण संच धडपडत असेल, तर तो ऐकू यावा म्हणून. 1999 साली उपग्रहांची नवी पद्धत पूर्णपणे आली आणि ही प्रथा मागे पडली. तरी आमच्या वसई, उत्तनच्या कोळी बांधवांना आजही ठाऊक आहे, की बोटीवरच्या व्हीएचएफ संचाचा सोळा नंबरचा चॅनेल गप्पांसाठी नसतो.

समुद्रावरच्या माणसांनी हे मौन एकमेकांसाठी पत्करले होते. आपल्या देशातील कायद्यांचा जन्म मात्र दुसऱ्याच हेतूने झाला. 1885 च्या तार कायद्याने तारयंत्रणेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. 1933 च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून नुसता संच बाळगणे हाही गुन्हा ठरवला. घरच्या साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याचे आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. परक्या राज्यकर्त्यांना धास्ती होती ती प्रजेच्या बोलण्याची, आणि ती खोटी नव्हती. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तो परवाना काढून नव्हे. त्यांनी कायदा मोडला, शिक्षा भोगली, आणि 1998 मध्ये त्याच देशाच्या सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

स्वातंत्र्यानंतर हे दोन्ही कायदे तसेच चालू राहिले. विचारात बदल झाला तो 9 फेब्रुवारी 1995 रोजी. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. योगायोग असा, की हा वाद 1993 च्या नोव्हेंबरातील हीरो चषकाच्या क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवला होता. किल्लारीच्या भूकंपानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. क्रिकेटच्या निमित्ताने का होईना, सरकार मालक नसून विश्वस्त आहे हे तत्त्व कायद्यात उतरले. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने मोबाइल कंपन्यांचे 122 परवाने रद्द केले, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व होते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात सांगितले, की पृथ्वी आणि तिच्यातील सारे देवाने सर्व माणसांसाठी दिले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर सात शतकांपूर्वीच पुढचे पाऊल टाकले होते. पराकोटीच्या गरजेत सापडलेल्या माणसाने जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे काही घेतले तर ती चोरी ठरत नाही. कारण अशा घडीला सर्व वस्तू सर्वांच्या होतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आता आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली पाहा. कंप्रतांचे काटेकोर वाटप करणाऱ्या त्या जाडजूड, रूक्ष ग्रंथातही एक कलम आहे, आणि त्याचा आशय असा, की संकटात सापडलेल्या केंद्राने लक्ष वेधण्यासाठी हाताशी असेल ते कोणतेही साधन वापरले, तर या नियमांतील काहीही त्याच्या आड येणार नाही. तेराव्या शतकातील संन्यासी आणि विसाव्या शतकातील अभियंते एकाच जागी येऊन पोहोचले. ते एकमेकांना वाचून तेथे आले असतील असे आम्हांला वाटत नाही.

येथे कोणी विचारील, की पराकोटीची गरज असेल तर नियम बाजूला सारावा हे मान्य. मग परवान्याचा हा सारा खटाटोप कशाला? वेळ आली की ज्याला बोलायचे तो बोलेल. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण आपत्तीच्या घडीला नियम मोडण्याची मुभा असून भागत नाही. बोलण्याची विद्या आणि संच आधीपासून हाताशी असावा लागतो. 2004 चा दाखला घ्या. अंदमानात अनेक वर्षे सुरक्षिततेच्या कारणास्तव हौशी रेडिओला परवानगी नव्हती. त्या वर्षीच्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या चमूला ती मिळाली आणि त्यांनी पोर्ट ब्लेअरला संच उभारला. 26 डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. दूरध्वनी बंद पडले आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली ती त्या संचावरून. अर्ज आणखी महिनाभर कोणाच्या टेबलावर पडून राहिला असता तर? सुरक्षिततेची चिंता आम्ही खोटी ठरवीत नाही. पण नकार देणाऱ्या सहीचीही किंमत कोणीतरी मोजत असते, आणि ती फाईलीत कोठेच नोंदली जात नाही.

याहून अवघड बाजू दुसरी आहे. आणीबाणीचा जो अधिकार सरकारला हाक पुढे नेण्यासाठी दिलेला आहे, त्याच अधिकाराने हाक बंदही करता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी मराठवाड्यातील जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही काळ बंद ठेवण्यात आले. अफवा पसरून माणसे मरू नयेत हा हेतू आम्हांला समजतो. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या निकालात असे आदेश जाहीर केले पाहिजेत, ते बेमुदत असता कामा नयेत आणि गरजेपुरतेच असावेत, असे बजावले आहे. तरीही मन निवांत होत नाही.

या संदर्भात आम्हांला यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आठवतो. तो प्रभूला हाका मारू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प राहण्यास दटावले. लोकांचे म्हणणे शिस्तीचेच होते. मिरवणूक चालली होती, गोंगाट नको होता. येशू थांबला आणि त्याने त्याला बोलावून घ्या असे सांगितले. म्हणजे मौन तेथेही झाले असणार, पण ते गर्दीचे. लाल रंगाची ती तीन मिनिटे आणि इंटरनेटबंदीचा आदेश, दोन्ही मौनच लादतात. फरक हा, की पहिल्यात बलवान गप्प होतो आणि दुसऱ्यात रुग्णवाहिका शोधणारी बाईसुद्धा. आमच्या मते कंप्रतांविषयीचा कोणताही कायदा याच कसोटीवर घासून पाहावा.

मोबाइलच्या युगात ही कसोटी अधिकच कठीण झाली आहे. प्रत्येकाच्या खिशात संच आला. परंतु एका मनोऱ्याला एका वेळी ठराविकच संभाषणे पेलतात आणि वीज गेली की त्याची बॅटरी काही तासांची सोबतीण. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकरांनी हे अनुभवले. हाती फोन, आणि घरी निरोप नाही. जो तो आपल्या माणसाची चौकशी करीत होता. यात पाप कसले? पण हजारो निरपराध चौकश्यांखाली एखादी खरी हाक गाडली जाते. 2023 मध्ये संसदेने जुन्या दोन कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा संमत केला आणि पुढील वर्षापासून त्याची अनेक कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. सार्वजनिक आणीबाणीत बचावकार्य करणाऱ्यांचे निरोप अग्रक्रमाने पोचवण्याची तरतूद त्यात आहे. संपर्क तोडण्याचीही आहे, आणि ती त्याच कलमात. कंप्रतांचे वाटप लिलावाने करावे, पण आपत्ती व्यवस्थापनासारख्या कामांसाठी लिलावाविना द्यावे, असेही तो म्हणतो. लिलावाला आमचा विरोध नाही. मात्र टायटॅनिकच्या रेडिओ खोलीत पैसे भरलेले निरोप आधी जात होते, हे लिलाव पुकारणाऱ्याच्या स्मरणात असावे.

21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेड, परभणीची माणसे घराबाहेर धावली. जुलैत पुन्हा तसेच झाले. 2025 च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढले. हसनाळ, रावणगाव ही गावे वेढली गेली, माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. 2023 मध्ये सरकारने चाचणी म्हणून मोबाइलवर कर्कश आवाजाचा इशारा पाठवला होता, तो वाचकांना आठवत असेल. मनोऱ्याकडून परिसरातील सर्व फोनांना एकदम जाणारा तो निरोप गर्दीत अडकत नाही. पण तो वरून खाली येतो. ढिगाऱ्याखालचा, छपरावरचा माणूस त्याला उत्तर देऊ शकत नाही.

हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही देता येते. अभ्यासाचे विषय दोनच, रेडिओचे मूलभूत विज्ञान आणि नियम. औरंगाबाद धर्मप्रांतातील आमच्या शाळांच्या प्रयोगशाळांत एखादा संच, एक बॅटरी आणि गच्चीवर ताणलेली एक तार यांना जागा सहज होईल. दर शनिवारी तासभर दोन मुले तेथे बसली, तर आधी त्यांना ऐकायला शिकावे लागेल. बोलण्याची पाळी नंतर येते.