थिबा पॉइंटवरून

करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की डब्यातल्या गप्पा आपोआप मंदावतात, आणि पुन्हा उजेड दिसतो तेव्हा रत्नागिरी जवळ आलेली असते. दोन दिवस राहायचं, हिंडायचं, पोटभर मासे खायचे, एवढंच ठरवून मी आलो होतो.

1886 च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इथे आला, तो समुद्रातून, आगबोटीने. वय सत्तावीस. सोबत राणी सुपयालत आणि लहानग्या मुली. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात जहाजांना न झेपणारा समुद्र. इथून माणूस सहज निघू शकत नाही, म्हणूनच इंग्रजांनी हे गाव निवडलं. आज आपण ज्या डोंगरासाठी आणि समुद्रासाठी इथे येतो, त्याच दोन भिंती.

टेकडीवरचा थिबा राजवाडा 1910 चा. त्याआधीची चोवीस वर्षं राजाने बंगल्यांत काढली होती. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. लालसर भिंती, अर्धगोल खिडक्या, सागवानी काम. लोक खिडकीत उभे राहून फोटो काढतात, मीही काढला. पण त्या खिडकीपाशी मला थिबापेक्षा टिळकच जास्त आठवत राहिले.

टिळकांचा जन्म याच गावातला, 1856 सालचा. टिळक आळीतलं ते कौलारू घर सकाळीच पाहून आलो होतो. हा राजवाडा उभा राहिला त्या वर्षी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. मंडाले म्हणजे थिबाची राजधानी. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत. 1908 ते 1914 ही सहा वर्षं एकाच सरकारने दोघांना एकमेकांच्या गावी डांबलं होतं. त्या काळात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, आणि त्याच काळात, 1912 साली, पुण्यात त्यांच्या पत्नी गेल्या. राज्यकर्त्यांच्या नकाशावर ही दोन्ही गावं म्हणजे केवळ दूरची ठिकाणं होती. कुणाचं तरी घर तिथे आहे, हे त्या नकाशात कुठेच येत नाही. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

पुढे सावरकरही इथेच स्थानबद्ध झाले, 1924 ते 1937. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही, अशा अटी होत्या. त्याच मुदतीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने 1931 साली सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभं राहिलं. गाभाऱ्यापर्यंत कुणीही जावं, ही गोष्ट तेव्हा किती अवघड होती, हे त्या शांत सभामंडपात बसल्यावर जाणवतं.

दुपारी मांडवीजवळच्या खानावळीत जेवलो. मिरकरवाड्याला सकाळी उतरलेला बांगडा, तिरफळ घातलेलं तिखलं, तांदळाची भाकरी, शेवटी सोलकढी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. जिभेवर झिणझिण्या आणणारं हे तिरफळ मुंबईच्या बाजारातही विकत मिळतं, पण तिथे ते असं लागत नाही. वाढणाऱ्या मावशी ताटाकडे बघत म्हणाल्या, “वाईच भात घ्या अजून.” दोन घास जास्तच खाल्ले गेले. एखादं गाव आपल्याला आत घेतं की नाही, ते मला तरी तिथल्या इमारतींपेक्षा असल्या आग्रहातून लवकर कळतं.

थिबाच्या नातीला गावाने आत घेतलं. राजाच्या नोकरीतल्या गोपाळ नावाच्या मराठी माणसापासून त्याच्या थोरल्या मुलीला झालेली ही नात, टूटू, रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत संसार करत. राजाची नात म्हणून तिच्या वाट्याला काहीही आलं नाही. तिचं दारिद्र्य वाचताना वाईट वाटतं, पण ती कुठल्या गावची, याला तिच्यापुरतं उत्तर होतं. तिच्या आजोबांना ते कधी मिळालं नाही. 1916 मध्ये ते इथेच वारले. 1919 मध्ये राणी मायदेशी गेली. राजाचं थडगं मात्र इथेच राहिलं. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याचं दर्शन घ्यायला आले, राजाच्या मृत्यूनंतर शहाण्णव वर्षांनी.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, पुलावरून दिवे लागलेल्या गाड्या सरकतात, पलीकडे माडांची रांग. त्या राजाने असंच काहीसं दृश्य तीस वर्षं पाहिलं असेल. मी ते दीड तास पाहिलं. शेजारी एक मुलगी आईला विचारत होती, राजा घरी का नाही गेला? आईने तिला जवळ घेतलं आणि खाडीकडे बोट दाखवून एक होडी दाखवली.

दुसऱ्या दिवशी निघताना खानावळीतल्या मावशींनी आंबापोळी कागदात बांधून दिली. “आंब्याला या परत,” म्हणाल्या. मी हो म्हणालो, आणि माझा हात नकळत खिशातल्या तिकिटाकडे गेला.