कादंबरीतील अश्रू आणि दारातील माणूस

गेल्या पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंतच्या काळात आमच्या हातून चार मराठी कादंबऱ्या वाचून झाल्या. आधी ठरवून वाचल्या असे नव्हे. एक मित्राच्या कपाटातून मिळाली, दोन वाचनालयातून आल्या आणि एक मुलीच्या अभ्यासक्रमामुळे घरात शिरली. चारही पुस्तकांनी आमचे डोळे कुठे ना कुठे ओले केले. त्यांविषयीची आमची मते येथे मांडावयाची आहेतच. परंतु वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला, तो वाचकांपुढे ठेवणे हा या लेखामागील खरा हेतू आहे. पुस्तकातल्या माणसाच्या दुःखासाठी आपण जे अश्रू गाळतो, त्यांचे मोल काय?

आपल्या घरांतून पूर्वी निराळा प्रश्न विचारला जाई. हे पुस्तक चांगले की वाईट, तरुण मुलांच्या हाती द्यावे की न द्यावे, असा तो प्रश्न होता. खुद्द ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांची यादी शतकानुशतके सांभाळली आणि १९६६ साली ती रद्द केली. वाईट पुस्तक माणसाचे काय करते, याची चिंता वडीलधाऱ्यांनी पुष्कळ केली. चांगले पुस्तक आपले काय करते, हे मात्र आपण फारसे तपासून पाहत नाही.

पहिली कादंबरी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’. ती १८५७ सालची असून मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. पदमनजी हे प्रॉटेस्टंट पंथाचे. १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी हे पुस्तक निघाले. कथेतील यमुना पतीसमवेत प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांची दुर्दशा पाहते. कादंबरी म्हणून पाहता पुस्तक तोकडे वाटते. पात्रे बोलू लागली की त्यांच्या तोंडून लेखकच उपदेश करतो, असे पानोपानी जाणवते. तरीही एक गोष्ट मनाला चटका लावून गेली. इतरांच्या वैधव्याची कहाणी ऐकत फिरणारी यमुना पुढे स्वतः विधवा होते. जे दुःख ती पाहुणीसारखे पाहत होती, ते तिच्याच घरी येऊन बसते.

दुसरी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. ती १८९० पासून ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. येथे यमू स्वतःच आपली हकिगत सांगते. लेखक उपदेशाच्या भरीस पडत नाही. घरातील बायकांची कुजबुज, सासरचा धाक, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस आणि नंतर जबरदस्तीने झालेले केशवपन हे सारे आपण एका मुलीच्या तोंडून ऐकतो. चौघींत ही कादंबरी आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटली. पुस्तकाला जे नाव दिले आहे, तो वाचकालाच विचारलेला प्रश्न आहे, हे पुस्तक संपल्यावर कळते.

तिसरी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’. तिला १९९२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठते, माणसे वाऱ्यावर जातात आणि पुनर्वसनाची कागदपत्रे कचेऱ्यांतून फिरत राहतात. लेखक स्वतः प्रशासनात होते, म्हणून कचेरीचे अंतरंग त्यांना नेमके ठाऊक आहे. काही ठिकाणी तपशिलाचा भार होतो. पण त्यामागील संताप अस्सल आहे. चौथी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. ती २००२ साली प्रसिद्ध झाली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ शिकतो. पण त्याला नोकरी मिळत नाही आणि शेती पोट भरू देत नाही. पुस्तक लांबले आहे, असे आमचे मत आहे. तथापि त्यातील बोलीला मातीचा वास आहे, आणि घरातील भांडणे वाचताना आपण भिंतीपलीकडून ऐकत आहोत असे वाटते.

हीच चौथी कादंबरी वाचताना जे घडले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आम्ही कोल्हारचे. गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिवारात बीडकडचे, पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार उतरतात आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या थंडीत दोघेही फडात उभी असतात. त्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसून ‘बारोमास’ वाचत होतो. एकनाथाच्या घरची ओढग्रस्त वाचून मन भरून आले होते. इतक्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या कमरेवर कळशी होती आणि मागे पदराला धरून एक पोर उभे होते. ती म्हणाली, “दादा, कळशीभर पानी मिळंल का?”

आम्ही पुस्तकातून मान वर केली आणि म्हणालो, “नळ गेलाय बाई. पुढं हापसा आहे.”

नळ गेला होता, हे खरे. घरावरची टाकी भरलेली होती, हेही खरे. ती काही न बोलता निघून गेली. आतून सौभाग्यवतींनी विचारले, “कोण आलं होतं?” आम्ही उत्तर दिले, “कोणी नाही.” मग बोट घालून ठेवलेले पान उघडून आम्ही पुन्हा वाचू लागलो.

चार ओळी वाचल्या असतील नसतील, तोच त्या दोन शब्दांनी आम्हांस गाठले. कोणी नाही! आमची आजी सांगत असे की, तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावण्याची सोय नव्हती. कोणी वरून पाणी ओतील तेव्हा ओंजळ धरायची, नाहीतर वाट पाहत उभे राहायचे. आपल्या समाजातील पुष्कळ घरांच्या मागे हीच कहाणी आहे. गावकुसाबाहेरच्या त्या वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना मिशनच्या विहिरीवर आणि मिशनच्या शाळेत प्रथमच कोणीतरी माणूस म्हणून हाक मारली. त्यांच्या नातवाने भरल्या टाकीखाली बसून पाणी नाकारले, आणि तेही दुसऱ्याच्या दुःखाने डोळे ओले झालेले असताना.

संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मनिवेदनात असाच कबुलीजबाब दिला आहे. शाळकरी वयात ते काव्यातील डायडो राणीच्या मरणासाठी रडत; पण देवापासून दुरावून आपण स्वतः मरत आहोत, याचे त्यांना काहीच वाटत नसे. पुढे कार्थेज नगरीत त्यांना नाटकांचा नाद लागला. तेथील प्रेक्षकांविषयी त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. रंगभूमीवरचे दुःख प्रेक्षकाला मदतीला बोलावत नाही, त्याच्याकडून केवळ शोकाची अपेक्षा असते. आणि तो शोक त्याला आवडतो.

या विचाराचा आम्हांस जो अर्थ लागला तो असा. एकनाथ आमच्या फाटकाशी येऊन कळशी पुढे करीत नाही. यमूला आमच्या घरी आसरा द्यावा लागत नाही. त्यांच्यावर दया करण्यास काहीच खर्च येत नाही, म्हणून ती दया उदंड असते. शिवाय एखाद्या माणसाचे अंतःकरण जाणून घेण्याचे कष्ट कादंबरीकाराने आपल्यासाठी आधीच उपसलेले असतात. एकनाथ असा का चिडतो, हे आपणास शेकडो पानांतून समजावून दिलेले असते. फाटकातल्या बाईविषयी मात्र कोणी काही लिहून ठेवलेले नसते. तिला जाणून घ्यायचे तर पुस्तक मिटून उठावे लागते आणि विचारावे लागते. लेखकाचे कष्ट आपण आपल्या नावावर जमा करतो आणि स्वतःला दयाळू समजतो. फसगत होते ती येथेच.

तर मग कादंबऱ्या वाचूच नयेत काय? तसे आम्हांस वाटत नाही, आणि त्याला पवित्र शास्त्राचाच आधार आहे. दाविद राजाने उरियाची पत्नी हिरावून घेतली आणि उरियाला मारविले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला थेट दोष दिला नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने कशी बळकावली, ही गोष्ट सांगितली. राजा संतापला. गोष्टीतल्या श्रीमंताला शिक्षा फर्मावून मोकळा झाला. त्यानंतरच नाथानने त्याला सांगितले की तो माणूस दुसरा कोणी नसून राजाच आहे. गोष्टीवाचून दाविदाच्या मनाचे दार उघडले नसते. पण नुसता संताप करून तो भोजनाला गेला असता, तर गोष्ट वाया गेली असती.

‘झाडाझडती’ वाचताना आम्ही धरणग्रस्तांच्या बाजूने होतो, हे सांगावयास नकोच. पण आम्ही राहतो लाभक्षेत्रात. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या पट्ट्याचे रूप पालटले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अलीकडे निळवंड्याच्या पाण्याचा गाजावाजा झाला. त्या धरणाखाली जमिनी गेल्या त्या अकोल्याकडच्या लोकांच्या. कालव्याला पाणी सुटल्याचा आनंद आम्हीही केला. त्यांची आठवण किती जणांना झाली? त्या कादंबरीतला नाथान आमच्याकडेच बोट दाखवत होता, आणि आम्ही दुसरीकडे पाहून हळहळत होतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. तरुणपणी ते स्वतः अर्जेंटिनातील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत असत. साहित्य आपल्याला दुसऱ्याचा आवाज ऐकावयास शिकवते, असा त्या पत्राचा आशय आहे. आम्हांस तो पूर्णपणे मान्य आहे. मात्र ऐकण्याचा सराव पुस्तकात करावयाचा तो कशासाठी? जखमी वाटसरूला याजकाने पाहिले होते, लेव्यानेही पाहिले होते. त्यांच्या मनात दया आली नसेलच, असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही. शोमरोनी माणूस मात्र जवळ गेला, आणि त्यासाठी त्याचे तेल, द्राक्षारस, पैसा व वेळ खर्च झाला.

कादंबरीने आम्हांस अधिक चांगले केले, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. पण त्या संध्याकाळी हातात ते पुस्तक नसते, तर ‘कोणी नाही’ हे आमचे शब्द आम्हांस ऐकूही आले नसते, एवढे निश्चित.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोप्यांकडे गेलो. फड संपल्यामुळे टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती. चुलीचे तीन दगड आणि विखुरलेले पाचट तेवढे उरले होते. ‘बारोमास’मधील साऱ्या घराची नावे आम्हांस ठाऊक आहेत. त्या बाईचे नाव आम्ही विचारले नव्हते.

यंदाच्या हंगामापासून आमच्या फाटकापाशी पाण्याचा एक नळ बाहेरच्या अंगाला काढला आहे. त्याने जुने फिटत नाही, हे आम्ही जाणतो. आलेल्या माणसाला नाव विचारण्याची सवय अजून लावून घ्यावयाची आहे. वाचन चालूच आहे. फक्त ओसरीवर वाचताना आम्ही आता फाटकाकडे तोंड करून बसतो.